दोन हात औषध

"केरबा, सरड्याचं घर बांधशील का?"

मी रंधा मारत होतो. मान वर करून बघितलं, तर फडतरे अण्णा दारात उभे. हातात घडी घातलेला कागद. मला वाटलं थट्टा करतायत, पण अण्णा थट्टा करणाऱ्यातले नव्हते. साताऱ्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावरही चालताना ते असे बघत, की रस्त्यावरची माणसं आपोआप बाजूला होत.

"सरड्याचं?" मी म्हणालो. "कुंपणावरचा सरडा?"

"कुंपणावरचा नाही. परदेशी आहे. इग्वाना म्हणतात. मोठा झाला की माणसाएवढा लांब होतो म्हणे. आत्ता एवढंच आहे." त्यांनी बोट दाखवलं. "हर्षलनं आणलंय."

तेव्हा मला कळलं की हर्षल आलाय. अण्णांचा एकुलता एक मुलगा. आईच्या दहाव्याला बापलेकांचं काहीतरी बिनसलं आणि तो पुण्याला गेला, तो परत फिरकला नव्हता. सात वर्षं.

"बसा की," मी म्हणालो.

अण्णा बसले नाहीत. भुश्शाच्या ढिगाकडे बघत बोलत राहिले. "आला तेव्हा हातात बुटाचं खोकं होतं. मला वाटलं, बूट आणलेत माझ्यासाठी. उघडून बघतो तर हे. मी म्हणालो, ही घाण उकिरड्यावर टाक. तेव्हापासून तो व्हरांड्यात झोपतो, त्या खोक्याशेजारी. केवढी थंडी पडलीय. काल म्हणाला, हिची सोय होत नसेल तर सोमवारी परत जातो."

"मग?"

"मग काय? या वेळी गेला तर मी मेल्यावरच यायचा."

एवढं बोलून त्यांनी कागद पुढे केला. मी म्हणालो, चष्मा घरी राहिलाय, तुम्हीच वाचा. माझ्याकडे चष्मा नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी काही न बोलता वाचून दाखवलं.

चार फूट उंच, अडीच फूट रुंद. पुढं सरकती काच. वर आणि बाजूला हवेसाठी जाळी. वर एका कोपऱ्यात दिवा, पण तिचा हात पोचणार नाही असा, नाहीतर भाजून घेईल. एक पांढरी ट्यूब, उन्हाचं काम करणारी. रात्रीसाठी उजेड न देता नुसती ऊब देणारा चिनी मातीचा हीटर. आत चढायला फांदी. आतून बाहेरून रंग नको, पॉलिश नको, वार्निश नको. रोज दोन वेळा आत पाणी फवारणार.

"उघडं लाकूड, वर रोजचं पाणी आणि त्यात ऊब," मी म्हणालो. "अण्णा, वाळवीला आवतण देताय का?"

"मुलानं लिहिलंय तसं कर."

"सोमवारच्या आत?"

"रविवारी घरात पाहिजे."

गुरुवार होता त्या दिवशी. गुडघे दुखत होते, अंगात कणकण होती. लोक तयार कपाटं घ्यायला लागल्यापासून काम कमी झालं होतं आणि जे यायचं ते असंच, घाईचं. अठ्ठावन्न वर्षांचा होतो. दोन दिवस पडून राहावं असं वाटत होतं. पण अण्णा जाताना उंबऱ्यावर थांबले आणि म्हणाले, "चांगलं कर हां केरबा. मी सांगितलंय म्हणून केलंय, असं दिसलं पाहिजे त्याला."

मी चांगलं केलं. एका पाडलेल्या घराच्या दाराचं जुनं सागवान माझ्याकडे होतं, ते काढलं. चौकट कुसवांनी सांधली, एकही खिळा दिसणार नाही अशी. पेरूची फांदी आणली, साल घासून गुळगुळीत केली आणि तिरकी बसवली. खालच्या थंड कोपऱ्यातून निघून वर दिव्याखाली जाईल अशी. जनावराला हवी तेवढी ऊब हव्या त्या पायरीवर घेता यावी.

आणि शुक्रवारी संध्याकाळी आतून वाळवीचं औषध मारलं.

आमच्याकडे ही रीतच होती. माझा बाप लावायचा, मी लावायचो. कपाट असो, पेटी असो की देव्हारा असो, जी बाजू दिसत नाही तिला औषधाचा एक हात, मग आठ दिवस ऊन. गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. बाप म्हणायचा, सांगून केलं की त्याचे उपकार होतात, न सांगता केलं की ते आपलं कसब. वीस वर्षांनी शेजारच्या घरातलं कपाट भुगा होतं आणि आपलं उभं राहतं, तेव्हा लोक नाव विचारतात.

कागदात रंग नको होता, पॉलिश नको होतं. ते मी लावलं नाही. औषध म्हणजे रंग नव्हे. उलट वरून काहीच लावायचं नाही आणि रोज पाणी पडणार, म्हणून मी एका हाताच्या जागी दोन हात मारले. आठ दिवसांचं ऊन मात्र द्यायला मिळालं नाही. शनिवार मिळाला आणि रविवारची सकाळ. लाकूड कोरडं लागलं. वासही गेल्यासारखा वाटला.

रविवारी हातगाडीवर घालून नेलं. हर्षल दार उघडायला आला. तिशीतला, किडकिडीत, दाढी वाढलेली. त्यानं माझ्या लाकडी खोक्याभोवती एक फेरी मारली. सांध्यांवर बोट फिरवलं.

"काका, हे अण्णांनी सांगितलं?"

"नुसतं सांगितलं न्हाय. उंबऱ्यावर थांबून दोनदा सांगितलं."

अण्णा आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसले होते. पान उलटत नव्हते.

दिवा लावला, हीटर लावला. हर्षलनं वर एक आणि खाली एक असे दोन तापमापक टांगले आणि तासभर तो आकडे सांगत बसला. दिवा एक वीत वर घ्या म्हणाला, घेतला. अजून चार बोटं म्हणाला, घेतला. वर पस्तीस आणि खाली सव्वीस झाल्यावर त्यानं बुटाचं खोकं उघडलं.

बोटभर अंग आणि वीतभर शेपूट. नुकत्या फुटलेल्या पानासारखा रंग. तिचं नाव मिरची. ती फांदीच्या बुडाशी बसली, डोकं वर करून दिव्याकडे बघितलं आणि एक एक पाऊल टाकत निघाली. अर्ध्यावर जाऊन थांबली. पोट फांदीला टेकवलं, पाय सैल सोडले, डोळे मिटले.

कधी येऊन उभे राहिले कळलं नाही, पण मागून अण्णा म्हणाले, "ही पण निवृत्त झाली वाटतं."

हर्षल हसला. अण्णाही हसले. मग दोघंही एकदम गप्प झाले, आपण एकत्र हसलो हे लक्षात आल्यासारखे. त्या रात्री हर्षल घरात झोपला, असं दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला मुद्दाम येऊन सांगितलं. सोमवारची गाडी त्यानं सोडून दिली होती.

बुधवारी हर्षल स्कूटरवरून माझ्या कारखान्यात आला.

"काका, जरा येऊन बघता का? मिरची वर चढतच नाही. पाला पण खात नाही."

मी गेलो. अण्णा बाजारात गेले होते. मिरची खाली, दिव्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, जाळीला नाक लावून बसली होती. तोंड जरासं उघडं. रंग मळल्यासारखा झाला होता. मी काच सरकवली. आतली गरम हवा तोंडावर आली.

"हा वास कसला येतो?" हर्षलनं विचारलं. "पहिल्या दिवशी नव्हता. दिवा तापला की येतो."

"नव्या लाकडाचा," मी म्हणालो. "आठ दिवसांत जाईल."

"सागवान तर जुनं होतं ना?"

"रंधा मारला की नवं होतं."

तो माझ्यापेक्षा शिकलेला होता, पण लाकडातलं मला कळतं असं त्याला वाटत होतं. त्यानं मान डोलावली. मी काच लावून घेतली आणि घरी आलो. येताना दुकानातून काही आणायचं होतं ते विसरलो.

शुक्रवारी सकाळी माझी बायको हौसा दूध घेऊन आली. पातेलं खाली ठेवायच्या आधीच बोलली, "फडतऱ्यांचं पोरगं निघालंय."

"कुठं?"

"पुण्याला. सरडी मरायला टेकलीया. अण्णांनीच दिवा बंद केला म्हणं, पोरगं बाहेर गेल्यावर. काल रातच्याला त्यांनीच कबूल केलं, मग मोठ्यानं भांडणं झाली. डेअरीवर सगळी तेच बोलत हुती."

मी चूळ भरत होतो.

"तुमी त्या खोक्याला औषध मारलंसा व्हय?"

मी तांब्या खाली ठेवला.

"सदऱ्याचा वास जाईना. दोनदा धुतला मी."

"आपण सगळ्यालाच मारतो, हौसे."

"सगळ्यात कुणी दिवा पेटवून ठेवतंय का?" ती म्हणाली. दूध चुलीवर ठेवलं. माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "चहा परतल्यावर घ्या. आधी जाऊन या."

मी पायात चपला घातल्या. अण्णांचं घर तसं पाच मिनिटांवर. त्या दिवशी मला वेळ लागला. वाटेत दोनदा थांबलो. एक विचार असा येत होता की आता सगळं झालंच आहे. अण्णांनी दिवा बंद केला, जनावर थंडीनं आजारी पडलं. त्यांनीच कबूल केलंय. माझं नाव कुठं आलंच नाही. पंचेचाळीस वर्षांत माझ्या हातच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. हा विचार मी मुद्दाम लिहितो, कारण तो आला होता, आणि बराच वेळ टिकला होता.

दार उघडंच होतं. दाराशी हर्षलची भरलेली पिशवी. तो जमिनीवर मांडी घालून बसला होता, समोर तेच बुटाचं खोकं. त्यात फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली आणि तिच्याशेजारी मिरची. तिचे मागचे पाय थरथरत होते. तोंडातून लाळ येत होती.

अण्णा खुर्चीत. रात्रभर झोपले नसावेत. मला बघून म्हणाले, "ये केरबा. तुझं काम चांगलं होतं. मीच घोळ घातला."

"काय केलंत तुम्ही?"

"मंगळवारी हा बँकेत गेला होता. दुपारी मला जळल्यासारखा वास आला. वाटलं, लाकूड पेटतंय. घाबरलो. बटणं बंद केली. हा यायच्या आधी परत लावली, म्हटलं याला सांगायला नको."

"दोन दिवस लपवलं," हर्षल खोक्यातच बघत म्हणाला. "आवडत नव्हती तर तसं सांगायचं होतं. मी पहिल्याच दिवशी गेलो असतो."

"अरे, मला आवडत नव्हती असं नाही…"

"उकिरड्यावर टाक म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," अण्णा म्हणाले. स्टँडवर पन्नास गाड्यांना हाकणारा माणूस. खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

हर्षल उठला. खोकं उचललं.

"हर्षल, थांब," मी म्हणालो. "ती थंडीनं थरथरत नसंल."

"मलाही तेच कळत नाहीये. थंडीनं मलूल होते. अशी थरथरत नाही."

"मी आतनं वाळवीचं औषध मारलंय. दोन हात."

बाहेर कुणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"रंग नको म्हणून लिहिलं होतं," हर्षल म्हणाला.

"रंग न्हाय मारला. औषध मारलं. आमी सगळ्यालाच मारतो. सांगत न्हाय. थंड लाकडात ते बसून राहतं, तापलं की सुटतं. अण्णांना जळल्याचा वास आला तो त्याचाच. त्यांनी दिवा बंद केला तेवढा वेळच तिला बरी हवा मिळाली."

हर्षल माझ्याकडे बघत राहिला. "बुधवारी मी तुम्हाला वासाचं विचारलं. तेव्हा कळलं होतं?"

"व्हय."

"बुधवारी?"

"काच सरकवली तेव्हाच."

मला वाटलं, हा आता अंगावर येईल. यावं असंही वाटलं. पण तो वळला आणि म्हणाला, "अण्णा, दिवा किती वेळ बंद होता?"

"दोन तास. थोडा कमीच."

"दोन तासांनी तिला काही होत नाही," हर्षल म्हणाला. "दुपार होती. घर गरम असतं."

अण्णांनी चेहऱ्यावरून हात फिरवला आणि तो तसाच डोळ्यांवर ठेवला.

त्यानंतर घाई झाली. हर्षलनं जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, औषध कोणतं ते सांगा, डबा घेऊन या. मी पळत कारखान्यात गेलो. पळत म्हणजे जसं जमलं तसं. डबा घेऊन आलो तर अण्णा दारात स्कूटर लावून उभे, मागे हर्षल खोकं छातीशी धरून. हर्षलनं डबा हातात घेतला आणि जागेवरच वाचायला लागला. मनातल्या मनात वाचत होता.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

त्यानं मान वर केली. मला वाचता येत नाही हे त्याला तेव्हा कळलं असावं. मग त्यानं मोठ्यानं वाचलं. बंद जागेत वापरू नये. उष्णतेपासून दूर ठेवावे. लहान मुले, पाळीव जनावरे आणि खाद्यपदार्थ यांच्याजवळच्या वस्तूंना लावू नये.

तसला डबा वीस वर्षं माझ्या फळीवर होता. संपला की तसाच दुसरा आणायचो, चित्र बघून.

"पाळण्यांना पण लावता?" हर्षलनं विचारलं.

"आतनं. एकच हात."

स्कूटर निघून गेली. मी त्यांच्या पायरीवर बसून राहिलो. उन्हं वर आली, पाठ तापली, तरी उठवत नव्हतं. किती पाळणे केले ते आठवत होतो. सव्वीसांपर्यंत घरं आठवली. पुढची आठवेनात.

दुपारी ते परतले. गोचिडाचं औषध चाटलेल्या म्हशींना जे इंजेक्शन देतात तेच डॉक्टरांनी दिलं होतं, थेंबाचाही हिस्सा करून. मिरची जगेल की नाही हे रविवारी कळेल म्हणाले. अण्णा मला ओलांडून आत गेले. हर्षल थांबला. "काका, ते लाकडी खोकं घेऊन जा," एवढंच बोलला.

मी हातगाडी आणली आणि खोकं नेलं. घरी नेऊन सांधे सोडवले. शेकोटीला फळ्या मागायला आळीतले दोघं आले होते, त्यांना दिल्या नाहीत. हौसानं विचारलं, "काय म्हणाली माणसं?" मी म्हणालो, "काहीच न्हाय." ती म्हणाली, "बरं झालं, गेलासा." चहा गार झाला होता. तिनं परत गरम केला.

रविवारी मिरचीनं जास्वंदीचं पान खाल्लं. हे मला डेअरीवरून कळलं, अण्णांकडून नाही. त्यांनी मला पुन्हा काम सांगितलं नाही. रस्त्यात भेटले तर मान हलवायचे. रागानं नव्हे. मला बघितलं की त्यांना ती सकाळ आठवत असावी, आणि मलाही.

त्या सव्वीस घरी मी गेलो. एकेक करून, दोन महिने लागले. नऊ पाळणे अजून वापरात होते. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. काही घरी लोक हसले, एका घरी सासूनं हाकलून दिलं, "आमच्या घरात अपशकुनाचं बोलू नका मिस्त्री," म्हणाली. नऊच्या नऊ पाळणे मी आतून तासून दिले. हात भरून यायचे. शिवाय जी घरं आठवत नव्हती, ती तशीच राहिली. ती अजूनही अधूनमधून आठवायचा प्रयत्न करतो.

पुढच्या वर्षी पालिकेच्या शाळेत संध्याकाळचा वर्ग सुरू झाला, तिथं जाऊन बसलो. एकोणसाठाव्या वर्षी. बाईंनी विचारलं, आधी काय लिहायला शिकायचंय आजोबा, नाव? मी म्हणालो, डब्यावरचं. औषध मी अजूनही लावतो, जिथं लावायला हवं तिथं. पण दाराच्या आतल्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीनं लिहितो, काय लावलंय आणि कधी. अक्षर वाकडं येतं. वाचता येतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. मिरची आजारी पडली त्याच महिन्याच्या शेवटी, सकाळी, मी सायकल हातात धरून अण्णांच्या घरावरून चाललो होतो. अंगणात बापलेक बसले होते. मधे नवं खोकं. पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट, कुणाच्या तरी खिडकीची जुनी काच आणि बाजूला गरम पाण्यात उकळून वाळत घातलेली फांदी.

"अण्णा, सरळ धरा."

"सरळच धरलंय."

"हे सरळ? अशीच गाडी लावायचात फलाटाला?"

"तू आधी ती पक्कड नीट पकड. बायकांनी पळी धरल्यासारखी धरलीयस."

"आई अशी धरायची," हर्षल म्हणाला.

"हां," अण्णा म्हणाले. "अश्शीच धरायची."

दोघांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. दाराचा वरचा कोन चुकला होता. बिजागरी बोटभर खाली बसवली होती. ते दार कधीच नीट लागणार नव्हतं, रोज उचलून ढकलावं लागणार होतं. मला ते रस्त्यावरून दिसत होतं.

मी सांगितलं नाही.